जुन्या लाकडी खिडक्या बदलायच्या आहेत. काच आणि चौकट कशी ठरवायची?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. घर जुनं आहे, तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या सगळ्या लाकडी, बाहेर उघडणाऱ्या, एकेरी काचेच्या. आता त्या बदलायची वेळ आली आहे, पण प्रत्येक खोलीचं दुखणं वेगळं, त्यामुळे काहीच ठरत नाहीये.

पश्चिमेच्या खोलीत आम्ही झोपतो. पावसाची झड त्याच बाजूने येते. झडपा फुगतात, कडी लागत नाही आणि चौकटीचा खालचा भाग इतका भुसभुशीत झालाय की पेचकसाचं टोक सहज आत जातं. उन्हाळ्यात दुपारनंतर त्या खोलीत बसवत नाही. रस्त्याकडच्या खोलीत मुलगी अभ्यास करते, तिथे दिवसभर गाड्या. अवजड वाहन गेलं की काचा थरथरतात. उत्तरेची खोली बाबांची. थंडीत पहाटे काचेवर आतून पाणी धरतं, ओघळून खालच्या लाकडावर साचतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. पुसली तरी पुन्हा येते. बाबांना दमा आहे, म्हणून सगळ्यात जास्त काळजी मला त्याच खोलीची वाटते.

दोघं जण मापं घेऊन गेले. पहिले म्हणाले, सगळीकडे यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या खिडक्या आणि दुहेरी काच लावा, ऊन, आवाज, ओल सगळं बंद. दुसरे म्हणाले, यूपीव्हीसी उन्हात पिवळं पडतं, ॲल्युमिनियमच घ्या. कोणत्या खोलीत काय त्रास आहे हे दोघांनीही विचारलं नाही. एकच खिडकी सगळ्या खोल्यांना खरंच चालते का? ज्यांनी हे काम केलंय किंवा करवून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


दुहेरी_झडप

ताई, मी फक्त आवाजापुरतं सांगतो. आमचं घर चौकाला लागून आहे, बस थांबते आणि सुटते ती अगदी खिडकीखालून. आम्ही जुनी खिडकी काढलीच नाही. भिंत जाड होती म्हणून तिच्या आतल्या कडेला दुसरी स्वतंत्र खिडकी बसवून घेतली. दोन काचांमध्ये जवळजवळ वीतभर अंतर आहे, आणि मधल्या जागेत भिंतीच्या कडांना आवाज शोषणारा मऊ थर लावलाय. हॉर्न अजून ऐकू येतो, पण बस सुटतानाची घरघर, जी छातीत जाणवायची, ती गेली. आवाजासाठी हे अंतर १०० मिमीच्या पुढे असावं लागतं. तयार दुहेरी काचेत ते १२ ते १६ मिमी असतं, त्यामुळे तिच्याकडून इतकी अपेक्षा ठेवू नका.

अडचण एवढीच की हवा हवी असली की दोन खिडक्या उघडाव्या लागतात. आणि मधली जागा पुसायला हात पोचेल ना, ते आधी बघा.


पाणसळ

मी खिडक्या बसवण्याच्या कामात आहे. आधी कारखान्यात जोडणी करायचो, आता बरीच वर्षं साइटवरच असतो. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही खोलीनुसार त्रास लिहिलाय. बहुतेक लोक "चांगली खिडकी कोणती" एवढंच विचारतात, आणि मग जे दुकानात असतं तेच चांगलं ठरतं.

बाबांच्या खोलीपासून सुरुवात करतो. काचेवर पाणी धरतं म्हणजे काचेचा आतला पृष्ठभाग खोलीतल्या हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा, थंड झालेला असतो. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू १२ अंशांच्या आसपास येतो. बाहेर ५ अंश असेल तर एकेरी काच आतून साधारण ९ अंशांवर जाते, म्हणून पाणी धरणारच. साधी दुहेरी काच त्याच हवेत १४-१५ अंशांवर राहते. आतल्या बाजूला लो-ई थर (उष्णता परत पाठवणारा अगदी पातळ लेप) आणि मध्ये आर्गॉन वायू असलेली दुहेरी काच १७-१८ अंशांवर. यामागचा आकडा म्हणजे यू-व्हॅल्यू: एकेरीचा ५.८ च्या आसपास, साध्या दुहेरीचा २.८, लो-ई आर्गॉनचा १.१ ते १.३. आकडा जितका लहान तितकी उष्णता कमी निसटते. थोडक्यात, त्या खोलीत दुहेरी काचेचा खरा उपयोग आहे.

पण बुरशीसाठी एवढ्यावर थांबू नका. जुन्या लाकडी खिडकीच्या फटींतून नकळत हवा बदलत असते. नवी खिडकी घट्ट बसली की ती वाट बंद होते आणि श्वासातली, ओल्या कपड्यांतली वाफ खोलीतच राहते. मग काच कोरडी आणि कपाटामागची भिंत ओली, असं होतं. दमा असलेल्या माणसाच्या खोलीत हे फार जपायला हवं. चौकटीत वरच्या बाजूला हवेची बारीक झडप मिळते, ती मागा. किंवा वरून थोडी आत कलणारी आणि बाजूनेही उघडणारी, टिल्ट अँड टर्न म्हणतात ती खिडकी घ्या. ती कलती ठेवली की झोंबरा वारा अंगावर येत नाही आणि हवा खेळती राहते.

आता पश्चिम. तिथे साधी दुहेरी काच लावून उन्हाचा त्रास मिटेल असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. यू-व्हॅल्यू तापमानातल्या फरकामुळे होणारी ये-जा सांगते. थेट ऊन आत किती येतं याचा आकडा वेगळा, त्याला एसएचजीसी म्हणतात. एकेरी स्वच्छ काचेचा तो ०.८५ च्या जवळ असतो, म्हणजे उन्हातली जवळजवळ ८५ टक्के उष्णता आत. साध्या दुहेरीचा ०.७ ते ०.७५. एवढाच फरक! तुम्हाला तिथे सोलर कंट्रोल थर असलेली काच हवी, जिचा आकडा ०.३ च्या आसपास आहे. त्याच वेळी प्रकाश किती येतो तोही आकडा विचारा. तो ५० टक्क्यांच्या वर असेल तर उत्तम. नुसती गडद रंगाची काच घेतली तर दिवसा दिवा लावावा लागतो, आणि ती काच स्वतःच तापून आत उष्णता फेकत राहते.

अशा तापणाऱ्या काचेवर अर्धवट सावली पडत असेल तर ती टफन केलेलीच, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली, घ्या. उन्हातला भाग फुगतो, सावलीतला फुगत नाही, आणि साधी काच कडेपासून तडकते.

आणि जमलं तर बाहेरून सावली करा. मावळतीचा सूर्य इतका खाली असतो की आडव्या छज्जाचा उपयोग होत नाही, बाहेरून खाली सोडता येणारा पडदा किंवा उभ्या फळ्या लागतात. काचेच्या आत आलेलं ऊन पडद्याने फारसं परत पाठवता येत नाही, ते बाहेरच अडवायचं.

झडीच्या पावसासाठी मी तिथे सरकती खिडकी लावणार नाही. सरकत्या खिडकीत झडप आणि रूळ यांच्यामध्ये ब्रशची पट्टी असते, कारण झडपेला सरकायचं असतं. ब्रशमधून वारा येतो आणि वाऱ्याबरोबर पाणी. उघडझाप होणाऱ्या खिडकीत झडप कडी फिरवल्यावर रबरी गॅस्केटवर चहूबाजूंनी दाबून बसते. बाहेर उघडणारी असेल तर वारा उलट तिला चौकटीवर आणखी दाबतो. फक्त तिसऱ्या मजल्यावर बाहेरची काच पुसता यायला हवी. त्यासाठी साध्या बिजागरीऐवजी अशी फ्रिक्शन स्टे मागा की झडप उघडताना कडेने सरकून हात जाईल एवढी जागा सोडते.

मुलीच्या खोलीबद्दल वरच्या दादांनी अगदी योग्य लिहिलंय. भिंतीची जाडी पुरत असेल तर त्यांचाच मार्ग धरा. नसेल तर एक लक्षात ठेवा: आवाज काचेतून येण्याआधी फटीतून येतो. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जागा उघडी राहिली तर काच कितीही भारी असली तरी आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त घटू शकत नाही. म्हणून तिथेही गॅस्केटवर दाबून बसणारी झडपच हवी. काच दुहेरी घ्या, पण दोन्ही सारख्या जाडीच्या नकोत. सारख्या काचा एकाच पट्टीच्या आवाजाला एकदम कमकुवत पडतात. बाहेर ६ मिमी आणि आत ४ अधिक ४ ची लॅमिनेट, मधल्या थरासह, असं काहीतरी. लॅमिनेटमधला मऊ थर कंप खातो, आणि फुटली तरी काच त्याला चिकटून राहते, तुकडे रस्त्यावर पडत नाहीत.

मात्र वजन मोजा. १ मिमी जाडीची काच दर चौरस मीटरला अडीच किलो भरते. वर सांगितलेली काच १४ मिमीची झाली, म्हणजे एका चौरस मीटरला ३५ किलो, चौकट वेगळी. बिजागऱ्या तेवढ्या भाराच्या आहेत का हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, नाहीतर काही वर्षांत झडप खाली उतरते आणि कोपरा घासू लागतो.

चौकटीचं सांगायचं तर दोघंही अर्धं खरं बोलले. हलक्या प्रतीचं यूपीव्हीसी पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. चांगल्यात टायटॅनियम डायऑक्साइड पुरेसं असतं, ते ऊन झेलतं. ॲल्युमिनियम मजबूत, पट्ट्या बारीक, काच जास्त दिसते. पण ते उष्णता यूपीव्हीसीच्या जवळजवळ हजारपट वाहून नेतं. बाबांच्या खोलीत साधं ॲल्युमिनियम लावलं तर काच कोरडी राहील आणि चौकटीवर पाणी धरेल. ॲल्युमिनियमच हवं असेल तर आतला आणि बाहेरचा भाग पॉलिअमाइड प्लास्टिकच्या पट्टीने तोडलेला, थर्मल ब्रेकवाला घ्या. यूपीव्हीसी घेतलं तर पोकळीत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे ना, ते कापलेला तुकडा हातात घेऊन बघा. नमुना दाखवायला कुणी का-कू करत असेल तर मी तिथून काम घेणार नाही.


रंधा

पाणसळ यांनी काचेचं जे लिहिलंय ते मान्य. पण मी सुतार आहे, आणि "सगळ्या बदलायच्या" हे वाचून राहवलं नाही. ताई, सडलेली खिडकी तुमच्या सांगण्यावरून एकच दिसते. बाकीच्यांची चौकट पेचकसाने टोचून पाहिली का? लाकूड २० टक्क्यांहून कमी ओलं राहिलं तर त्याला सडवणारी बुरशी वाढत नाही. जुन्या घरांतलं लाकूड बऱ्याचदा इतकं मुरलेलं असतं की तसं आज मिळणं अवघड. टोचून बघा, खालचा आडवा भाग आणि उभ्या पट्ट्यांची खालची टोकं. पाणी आधी तिथल्या उघड्या रेषांतून वर चढतं. तो भाग कडक असेल तर चौकट राहू द्या.

झडप फुगते ती बहुतेक वेळा वरच्या आणि खालच्या कडेला रंग न लावल्यामुळे. दिसत नाही म्हणून रंगारी ती कड सोडून देतात. झडप उतरवून कोरडी होऊ द्यायची, रंधा मारायचा, सहाही बाजूंनी रंग द्यायचा आणि चौकटीत खाच पाडून रबरी पट्टी बसवायची. वारा, धूळ आणि बराचसा आवाज यातच आटोक्यात येतो.

दुहेरी काच मात्र जुन्या झडपेत सहसा बसत नाही. ४ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये १२ मिमी पोकळी म्हणजे २० मिमी झाले, आणि जुन्या झडपेतली खाच साधारण १०-१२ मिमीचीच. तिथे झडप नवीन करावी लागेल, चौकट तीच ठेवता येईल. पश्चिमेची खालची पट्टी सडलीय ती कापून नवं लाकूड सांधता येईल, पण दरवर्षी झड तिथेच बसणार असेल तर ती खिडकी बदला, मी अडवणार नाही.


तिसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुम्ही सांगितलं तसं सगळ्या चौकटी टोचून पाहिल्या. मुलीच्या आणि बाबांच्या खोलीतलं लाकूड पक्कं आहे, टोक आत जात नाही. बाबांच्या खिडकीत फक्त खालच्या पट्टीचा रंग गेलाय आणि वरचा थर काळा पडलाय. पश्चिमेची तर खालची पट्टी आणि एक उभी बाजू दोन्ही गेल्यात.

मुलीच्या खिडकीत झडप आणि चौकट यांच्यामध्ये कागद धरून खिडकी लावली, तर कागद सगळीकडून अलगद निघून येतो, एका बाजूला तर पट्टी आत घालता येते. भिंत जाड आहे, आतल्या कडेला हातभर जागा सहज मिळेल. म्हणजे तिथे दुसरी खिडकी आतून बसू शकते.

दोन शंका आहेत. बाबांच्या खिडकीला बाहेरून पक्के गज आहेत, म्हणून तिथे आत उघडणारी चालेल असं वाटतं, पण आत झडप आली तर त्यांच्या पलंगाला लागेल. आणि कोटेशनमध्ये नक्की काय लिहून घ्यायचं? मागच्या वेळी दोघांच्या कागदावर फक्त माप आणि "दुहेरी काच" एवढंच होतं.


पाणसळ

पलंग सरकवता येत नसेल तर बाबांच्या खिडकीचे दोन भाग करा. खालचा मोठा भाग बंद काचेचा, वरचा आडवा भाग आत कलणारा. दांडी खालपर्यंत आणता येते, म्हणजे त्यांना उभं राहून हात वर करावा लागणार नाही. एक मात्र सांगतो, गज पक्के असलेली खोली आगीच्या वेळी बाहेर पडायला बंद असते. ज्येष्ठ माणूस झोपतो तिथे मी गजांचा एक भाग आतून उघडता येईल असा करायला सांगतो. किल्ली नको, हाताने सुटणारी कडी हवी. हा बदल केलात तर मोठ्या भागातली झडपही उघडती ठेवावी लागेल, नाहीतर त्याला अर्थ नाही. मग रंधा यांच्या मताने चौकट तीच ठेवून नव्या लाकडी झडपा, एक मोठी बाजूला उघडणारी आणि एक वरची कलती, असं करून घ्या. चौकट पक्की असताना ती भिंतीतून उखडली की गिलावा फुटतो आणि नवा सांधा तयार होतो. तो टाळता आला तर टाळावा, या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे.

कोटेशनमध्ये "दुहेरी काच" हे पुरेसं नाही. प्रत्येक काचेची जाडी, मधली पोकळी, वायू कोणता, थर कोणत्या काचेच्या कोणत्या बाजूला, यू-व्हॅल्यू आणि एसएचजीसी असं प्रत्येक खिडकीसमोर लिहून घ्या. यू-व्हॅल्यू नुसत्या काचेची की चौकटीसह पूर्ण खिडकीची, तेही विचारा. काचेचाच आकडा दाखवायची पद्धत आहे, आणि तो नेहमी जास्त सुंदर दिसतो. दोन काचांच्या मधल्या सांध्याची हमी किती वर्षांची, हे वेगळं लिहिलेलं असावं. तो सांधा सुटला की आत बाष्प शिरतं आणि काच मधून धुरकट होते. ती पुसता येत नाही, पूर्ण पॅनेलच बदलावं लागतं.

माल आल्यावर संध्याकाळी काचेसमोर टॉर्चचा बारीक उजेड किंवा काडीची ज्योत धरा. दुहेरी काचेत चार प्रतिबिंबं दिसतात. लो-ई थर असेल तर त्यातल्या एकाचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो. चारही सारखी दिसली तर बसवू देऊ नका, आधी खुलासा मागा. टफन काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो. टफन झाल्यावर काच कापता येत नाही, म्हणून "साइटवर थोडी कमी करून बसवतो" असं कुणी म्हणालं तर ती टफन नाही.

पश्चिमेला नवी चौकट बसेल, तिथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. रुंदी वर, मध्ये, खाली आणि उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे घ्यायची, शिवाय दोन्ही कर्ण. यातलं सगळ्यात लहान माप धरायचं. चौकट भिंतीला घट्ट ठोकून बसवायची नाही. २ मीटरची यूपीव्हीसी पट्टी ४० अंशांच्या फरकाने ५ ते ६ मिमी वाढते, ॲल्युमिनियमची २ मिमीच्या आत. म्हणून भोवती फट ठेवायची, खाली पाचरी देऊन पाणसळीत आणायची, स्क्रूने पक्की करायची आणि मग फट फोमने भरायची. फोम उन्हात झिजतो, त्यामुळे तो उघडा राहता कामा नये. त्याच्यावर बाहेरून फोमची गोल दोरी आणि न्यूट्रल सिलिकॉन. बाहेरची पाळी, म्हणजे खिडकीखालची पुढे आलेली कड, बाहेरच्या बाजूला उतरती हवी आणि तिच्या तळाशी थेंब तुटायला खाच हवी, नाहीतर पाणी खालून उलटं भिंतीकडे वळतं. तुमची जुनी खालची पट्टी बहुतेक यामुळेच सडली असेल, कारीगर आला की आधी ही पाळी बघायला सांगा.

चौकटीच्या खालच्या बाजूला पाणी निघायची लहान छिद्रं असतात. कामाच्या शेवटी कारीगर उभा असतानाच खोबणीत तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर पडताना दिसलं पाहिजे. सिलिकॉन लावताना ही छिद्रं बुजतात, मी हे वारंवार पाहिलंय, आणि मग पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत येतं. कागदाची परीक्षा नव्या खिडकीवरही करा. झडप लावल्यावर कागद चारही बाजूंना अडकला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात निसटला तर कडीचे खटके फिरवून दाब वाढवता येतो, किल्लीने होणारं काम आहे.

मुलीच्या खोलीत आधी रंधा यांनी सांगितलेली रबरी पट्टी बसवून घ्या आणि थोडे दिवस तसंच राहून बघा. एवढ्यात तिचं भागलं तर आतली दुसरी खिडकी लागणारही नाही.


रंधा

पट्टी बसवताना पोकळ रबराची घ्या, स्पंजाची नको. स्पंज दबून तसाच राहतो. आणि बाबांच्या चौकटीचा काळा थर खरवडण्याआधी ती खोली रिकामी करा, पाणी मारून ओल्यानेच खरवडायला सांगा. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि बुरशीची धूळ दम्याला वाईट. काम संपून रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत त्यांना दुसऱ्या खोलीत झोपवा.


तिसरा_मजला

हे माझ्या लक्षातच आलं नसतं, फार फार आभार. बाबांना मुलीच्या खोलीत हलवते, म्हणून तिथली पट्टी आधी, मग बाबांच्या झडपा. पश्चिमेची चौकट पाऊस सुरू होण्याआधी उरकायची आहे, तिच्यासाठी दोघांनाही पुन्हा बोलावलंय. या वेळी वरचे सगळे मुद्दे छापून त्यांच्या हातात देणार आहे. पाणसळ, त्यांचे कागद आले की काचेचे आकडे इथे टाकते, कृपया एकदा नजर घाला.